ऑक्टोबरफेस्ट : प्रवेश विनामूल्य, जागा मोलाची

सप्टेंबरच्या उत्तरार्धातील पहिल्या शनिवारी ठीक दुपारी बारा वाजता म्युनिक शहराचा महापौर लाकडी हातोडा उचलतो, बिअरच्या पिंपात तोटी ठोकून बसवतो आणि पिंप उघडल्याची आरोळी बव्हेरियन बोलीत देतो : ‘ओत्साप्फ्ट इस!’ पहिला मग बव्हेरिया राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या हाती जातो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बव्हेरियाच्या भव्य पुतळ्यापाशी बारा बार काढले जातात. ते ऐकू आल्यानंतरच उरलेल्या सर्व तंबूंत बिअर ओतण्यास प्रारंभ होतो. दूरचित्रवाणीवर दरवर्षी दिसणारे हे दृश्य पाहून ‘एकदा तरी जायचेच’ असा बेत अनेक घरांत ठरतो. पासपोर्ट, विमानाचे तिकीट आणि हॉटेल जमले की झाले, अशी समजूतही त्याबरोबर करून घेतली जाते.

प्रत्यक्षात या मेळ्याचे गणित वेगळेच आहे. मैदानावर जाण्यास तिकीट नाही, तंबूत शिरण्यासही नाही. मात्र मोठ्या तंबूंच्या आत बिअर मिळते ती बाकावर बसलेल्यालाच. उभ्या असलेल्या पाहुण्याकडे सेविका सहसा वळतही नाही. गर्दी वाढली की तंबूचे दरवाजे बंद होतात आणि आतून कोणी बाहेर पडल्याखेरीज उघडत नाहीत. २०२५ मध्ये सुमारे ६५ लाख लोक या मेळ्याला आले, तर सर्व तंबूंतील मिळून आसने लाखभराच्या थोडी पुढे. तेव्हा ऑक्टोबरफेस्टचे नियोजन म्हणजे मुख्यतः बाकावरच्या दीड फूट जागेचे नियोजन होय. बाकीचे सारे निर्णय त्या जागेभोवती फिरतात.

लग्नाच्या मैदानावरची जत्रा

या मेळ्याचा उगम राजघराण्यातील विवाहात आहे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझे यांचा विवाह झाला. त्यानिमित्त १७ ऑक्टोबरला शहराच्या वेशीबाहेरील माळावर घोड्यांची शर्यत झाली आणि नववधूच्या सन्मानार्थ त्या माळाला ‘टेरेझिएनवीझे’, म्हणजे टेरेझेचे कुरण, असे नाव मिळाले. म्युनिककर आजही मेळ्याला ऑक्टोबरफेस्ट न म्हणता आपुलकीने ‘वीझन’ म्हणतात, ते या कुरणामुळेच. शर्यत लोकांना इतकी आवडली की ती पुढच्या वर्षीही भरवली गेली आणि १८११ पासून तिला शेतकी प्रदर्शनाची जोड मिळाली. बिअरचे भव्य तंबू, पाळणे, चक्रे हे सारे त्यानंतरच्या शतकात हळूहळू आले. ज्या शॉटेनहामेल तंबूत महापौर आज पहिले पिंप उघडतो, तो १८६७ मध्ये अवघ्या पन्नास आसनांनिशी सुरू झाला होता.

नावात ऑक्टोबर असताना मेळा सप्टेंबरमध्ये का सुरू होतो, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. त्याचे उत्तर हवामानात आहे. आल्प्सच्या उत्तरेकडील या प्रदेशात ऑक्टोबर थंड आणि ओला असतो, म्हणून १८७२ पासून प्रारंभ सप्टेंबरमध्ये आणण्यात आला आणि शेवट तेवढा ऑक्टोबरमध्ये राहिला. महायुद्धे, कॉलरा आणि अगदी अलीकडे २०२० व २०२१ मधील कोरोनाची साथ अशा कारणांनी मेळा रद्दही झाला आहे. २०२२ पासून तो पुन्हा नियमितपणे भरतो.

मेळ्याचा कारभार म्युनिक शहराकडे आहे, हे जाणून घेणे नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे. तंबू कोणाला मिळणार, ते कधी उघडणार, किती जागा आरक्षणाविना ठेवायच्या, हे सारे शहर ठरवते. बिअरही फक्त म्युनिकमधील सहा कंपन्यांचीच : ऑगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. जगभरातल्या बिअर चाखण्याची ही जागा नव्हे. हा एका शहराचा शरदातील घरचा उत्सव आहे आणि पाहुण्याने त्याच्या रीतीनेच तो अनुभवावा, अशी यजमानांची अपेक्षा असते.

तारीख कोणती निवडावी?

मेळा १५ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. तो रविवार १ वा २ तारखेला आला, तर ३ ऑक्टोबर या जर्मन ऐक्यदिनाच्या सुट्टीपर्यंत मुदत वाढते. म्हणून काही वर्षी सोळा दिवस, तर काही वर्षी सतरा वा अठरा. या नियमाने २०२६ चा मेळा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आणि २०२७ चा १८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर असा येतो. पुढील वर्षांच्या तारखा कोणालाही दिनदर्शिका समोर ठेवून काढता येतील.

या सोळा-अठरा दिवसांपैकी सगळे दिवस सारखे नसतात. पहिला शनिवार उद्घाटनाचा. त्या दिवशी तंबूंचे दरवाजे सकाळी नऊला उघडतात, पण बिअर दुपारी बाराशिवाय मिळत नाही. जागा धरून बसलेले लोक तीन तास कोरड्या घशाने पत्ते खेळत वाट पाहतात. मधला शनिवार-रविवार इटलीहून येणाऱ्या पाहुण्यांमुळे ‘इटालियन’ म्हणून ओळखला जातो आणि तो सर्वाधिक दाटीचा. २०२५ मध्ये याच मधल्या शनिवारी, २७ सप्टेंबरला, गर्दी हाताबाहेर जाऊ लागल्याने मैदानाची प्रवेशद्वारे काही काळ बंद करावी लागली होती. ३ ऑक्टोबरचा दिवसही टाळलेला बरा.

ज्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे त्याने सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा. मंगळवार हा कुटुंबांचा दिवस मानला जातो. त्या दिवशी पाळणे व अनेक दुकाने दरांत सवलत देतात. पहिल्या रविवारी सकाळी शहरातून निघणारी पारंपरिक वेशभूषेची मिरवणूक मात्र चुकवू नये अशी असते. १८३५ मध्ये लुडविग-टेरेझे यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ती प्रथम निघाली आणि १९५० पासून दरवर्षी निघते. सुमारे नऊ हजार लोक त्यात चालतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून ती विनामूल्य पाहता येते. म्हणजेच शनिवारी पोहोचून रविवारी मिरवणूक पाहावी आणि सोमवारी वा मंगळवारी तंबूत शिरावे, हा क्रम सोयीचा ठरतो.

बाकावरची जागा मिळवण्याचे दोन मार्ग

मोठे तंबू चौदा आणि लहान वीसहून अधिक. ‘तंबू’ हा शब्द फसवा आहे. प्रत्यक्षात ती लाकूड-लोखंडाची अवाढव्य सभागृहे असतात. त्यांची उभारणी जुलैपासून चालते आणि मेळा संपताच ती उतरवली जातात. एकेका मोठ्या तंबूत हजारो माणसे बसतात.

जागा मिळवण्याचा पहिला मार्ग आरक्षणाचा. आरक्षण एकट्या माणसाचे होत नाही, तर आठ ते दहा जणांच्या संपूर्ण टेबलाचे होते. त्यासाठी वेगळे शुल्क नसले, तरी प्रत्येकामागे ठराविक बिअर आणि जेवण यांची कुपने आगाऊ विकत घ्यावी लागतात. त्यामुळे टेबलाचा खर्च काहीशे युरोंवर जातो. ही नोंदणी त्या-त्या तंबूचा चालक स्वतःच्या संकेतस्थळावर वसंत ऋतूत, साधारण मार्च ते मे या काळात, सुरू करतो. संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या जागा जुन्या गिऱ्हाइकांनाच पुरत नाहीत. नवख्याला मिळालीच तर आठवड्यातील मधल्या दिवसाची दुपार मिळते.

इथेच मोठा धोका आहे. इंटरनेटवर ‘हमखास जागा’ देणारे अनेक दलाल टेबलाची एकेक जागा भरमसाट दराने विकतात. आरक्षण तंबूचालकाकडूनच घ्यावयाचे असते आणि त्याच्या अटींनुसार धंदा म्हणून केलेली पुनर्विक्री बहुधा मान्य नसते. दारावर नावाची वा कुपनांची शहानिशा झाली तर पैसे जातात आणि जागाही जाते. सात हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसाला तिथे दाद मागायलाही वेळ नसतो. मैदानाचे ‘प्रवेशपत्र’ विकणारा तर सरळसरळ फसवणूक करीत असतो, कारण असे प्रवेशपत्र अस्तित्वातच नाही.

दुसरा मार्ग साधा आणि चौघांपर्यंतच्या गटासाठी अधिक भरवशाचा : लवकर जाणे. मोठ्या तंबूंतील काही हिस्सा आरक्षणाविना मोकळा ठेवावा, असा शहराचा नियम आहे. तंबू सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाला, शनिवार-रविवारी नऊला उघडतात. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलेल्या चौघांना बहुतेक तंबूंत आरामात जागा मिळते. दुपारी तीननंतर ती दुर्मीळ होते आणि संध्याकाळी सहानंतर जवळजवळ अशक्य. आरक्षित टेबलांवर आरक्षणाची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेपर्यंत तिथे बसता येते, मात्र वेळ झाली की निमूटपणे उठावे लागते. अनोळखी लोकांच्या टेबलावर ‘इथे जागा आहे का?’ असे विचारून बसणे ही तिथली रूढ रीत आहे आणि मेळ्यातल्या अर्ध्या मैत्र्या त्या प्रश्नाने सुरू होतात.

पाऊस असला तर तंबूबाहेरच्या अंगणातील टेबले रिकामी होतात आणि आतली गर्दी दुप्पट होते. ऊन असेल तर याच्या उलट. तेव्हा सकाळी आकाशाकडे पाहून बेत किंचित बदलण्याची तयारी ठेवावी.

तंबूंचे स्वभाव

प्रत्येक तंबूची प्रकृती निराळी. होफब्रॉयच्या तंबूत परदेशी पाहुण्यांचा भरणा, त्यामुळे गोंगाटही अधिक. ऑगुस्टिनरच्या तंबूत बिअर अजूनही लाकडी पिंपांतून दिली जाते. तिथे स्थानिकांची वर्दळ जास्त. ऑक्सनब्राटेराय या तंबूत अख्खा बैल भाजला जातो, तर ‘फिशर व्रोनी’ काठीवर भाजलेल्या माशांसाठी प्रसिद्ध. शॉटेनहामेलमध्ये तरुणाईचा जोर असतो.

२००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत बँडचा आवाज ८५ डेसिबलच्या आत ठेवण्याचा आणि पितळी वाद्यांचे पारंपरिक संगीत वाजवण्याचा दंडक आहे. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले यांना मेळ्यात स्थान राहावे, हा त्यामागील हेतू. संध्याकाळी सहानंतर मात्र पॉप गाणी सुरू होतात आणि लोक बाकांवर उभे राहून नाचतात. बाकावर उभे राहणे चालते, पण टेबलावर चढले की रक्षक बाहेरचा रस्ता दाखवतात.

ज्यांना जुन्या काळचा मेळा पाहायचा असेल त्यांनी ‘ओइडे वीझन’ या विभागात जावे. २०१० मध्ये, द्विशताब्दीच्या निमित्ताने, तो प्रथम उभारला गेला. जुने पाळणे, लोकनृत्ये आणि दगडी मातीच्या मगांतून दिली जाणारी बिअर असे त्याचे रूप. तेवढ्याच विभागाला नाममात्र प्रवेशशुल्क असते. ज्या वर्षी मैदानाच्या त्या भागात मध्यवर्ती शेतकी प्रदर्शन भरते, त्या वर्षी हा विभाग नसतो. २०२४ मध्ये तसेच झाले होते.

एक मग म्हणजे किती?

बिअर एका लिटरच्या काचेच्या मगातच मिळते. त्याला ‘मास’ म्हणतात. २०२५ मध्ये तिचा दर तंबूनुसार साडेचौदा ते जवळपास सोळा युरो, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे दीड हजार रुपये होता. तो दरवर्षी थोडा चढतो.

किमतीहून अधिक विचार करावा तो मात्रेचा. मेळ्यासाठी खास बनवलेली ही बिअर नेहमीपेक्षा कडक, सुमारे सहा टक्के मद्यार्काची असते. एका लिटरमध्ये सुमारे ६० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क झाला. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो १३ मिलिलिटरच्या आसपास असतो. म्हणजे एक ‘मास’ सुमारे साडेचार पेगांइतकी. चव सौम्य आणि किंचित गोडसर असल्याने हे लक्षात येत नाही आणि दुसरा मग संपण्याआधीच पाहुणा मैदानाच्या उतारावर आडवा होतो. पोट भरून बसणे, प्रत्येक मगामागे पाणी पिणे आणि एका मगावर थांबण्याचे ठरवूनच जाणे, यात कमीपणा काहीच नाही. मद्यार्कविरहित बिअर आणि सफरचंदाचा रस घातलेला सोडा सगळीकडे मिळतो.

खाण्यात भाजलेली अर्धी कोंबडी, डुकराच्या मांसाचे प्रकार आणि ताटाएवढी ब्रेत्सेल ही खारी पावजोडी प्रमुख. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याने चौकशी करावी. चीजमध्ये घोळलेले श्पेत्स्ले हे नूडल्स सर्वत्र मिळतात, मात्र त्यात अंडे असते. कोबीच्या भाजीत अनेकदा डुकराची चरबी वा मांसाचे तुकडे पडतात. ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ असले तरी काम भागते. पैसे रोख बाळगावेत. दर मगामागे पूर्ण रकमेवर थोडी बक्षिशी देण्याची रीत आहे आणि एका वेळी दहा-दहा मग उचलून आणणाऱ्या सेविकेला ती देताना हात आखडता घेऊ नये.

प्रवास आणि मुक्काम

भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. सोबत किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण हवे. उन्हाळी सुट्ट्यांच्या काळात अर्ज केंद्रांवर वेळ मिळणे कठीण जाते. म्हणून सप्टेंबरच्या प्रवासासाठी एप्रिल-मेमध्येच हालचाल करावी.

मुक्कामाची खोली हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग. मेळ्याच्या काळात म्युनिकमधील हॉटेलांचे दर दुपटी-तिपटीने वाढतात. त्यावर उपाय म्हणजे रेल्वेमार्गावरील शेजारची शहरे. आउग्सबुर्ग रेल्वेने पाऊण तासाच्या आत, तर न्यूरेंबर्ग वेगवान गाडीने तासाभराच्या थोडे पुढे. रात्री परतीची शेवटची गाडी कोणती, हे आधीच लिहून ठेवावे. थेट विमान न मिळाल्यास फ्रँकफुर्टला उतरून रेल्वेने सुमारे साडेतीन तासांत म्युनिक गाठता येते.

मैदानालगतच्या ‘टेरेझिएनवीझे’ या भुयारी स्थानकावर संध्याकाळी श्वास कोंडावा अशी गर्दी असते. गोएथेप्लात्स, पोचीश्ट्रासे किंवा श्वानथालरहोए या जवळच्या स्थानकांवर उतरणे शहाणपणाचे. मुख्य रेल्वेस्थानकापासून पायी पंधरा मिनिटे लागतात. परतताना भाड्याची विद्युत स्कूटर हाती घेण्याचा मोह होतो. मद्यपानाबाबत तिला मोटारीचेच नियम लागू आहेत, हे विसरू नये.

नियम आणि सावधगिरी

२६ सप्टेंबर १९८० रोजी मुख्य प्रवेशद्वाराशी अतिरेकी उजव्या विचारांच्या तरुणाने केलेल्या बॉम्बस्फोटात त्याच्यासह तेरा जणांचा मृत्यू झाला आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. त्याचे स्मारक प्रवेशद्वाराशीच आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजीही घातपाताच्या धमकीमुळे मैदान संध्याकाळपर्यंत बंद ठेवण्यात आले होते. म्हणून एकाच दिवसावर सारा बेत टांगू नये, एक दिवस राखीव असावा.

२०१६ पासून मोठ्या पिशव्या व पाठीवरच्या सॅक आत नेता येत नाहीत. पिशवी तीन लिटरपेक्षा लहान हवी. बाबागाडी शनिवारी व ३ ऑक्टोबरला पूर्णतः, तर इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर वर्ज्य आहे. सहा वर्षांखालील मुलांना रात्री आठनंतर तंबूत थांबता येत नाही. तंबूत धूम्रपानाला बंदी आहे. काचेचा मग आठवण म्हणून पिशवीत घालणे ही चोरी ठरते. हवा असल्यास तो दुकानातून विकत घ्यावा. महिला आणि मुलींना अडचण आल्यास मदतीसाठी २००३ पासून मैदानावर स्वतंत्र सेवाकेंद्र चालते. त्याची जागा आल्याबरोबर पाहून ठेवावी.

इतर पर्याय

एवढी गर्दी नको असणाऱ्यांसाठी बव्हेरियात पर्याय पुष्कळ आहेत. श्ट्राउबिंग येथे ऑगस्टमध्ये भरणारा, १८१२ पासूनचा मेळा राज्यात आकाराने दुसरा मानला जातो, तर एरलांगेनचा टेकडीवरचा मेळा १७५५ पासून पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास भरतो. शेजारच्या राज्यात, मुंबईशी १९६८ पासून भगिनीशहराचे नाते असलेल्या श्टुटगार्टमध्ये, ऑक्टोबरफेस्टच्याच सुमारास दुसरा मोठा लोकोत्सव असतो. या ठिकाणी बिअर तीच नसली तरी बाक मिळण्याची शक्यता बरीच अधिक.

म्युनिकलाच जायचे ठरले, तर म्युनिककरांची रीत अनुसरावी. कामाच्या दिवशी सकाळी यावे, कोंबडी वा श्पेत्स्ले मागवावे, एक मग सावकाश संपवावा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून मग भिडवावा आणि दुपार कलताच जागा दुसऱ्याला देऊन उठावे. मग पुतळ्याच्या आतील जिन्याने डोक्यापर्यंत चढून खालचा सारा मेळा पाहता येतो. संध्याकाळच्या धुंदीची छायाचित्रे जगभर जातात, पण दोनशे वर्षे हा मेळा टिकला तो दुपारी मुलाबाळांसह येणाऱ्या या लोकांमुळे. त्यांच्या वेळेला गेलेल्या पाहुण्याला सहसा जागा मिळते.